उभ्या गाडीचा रोटर

गोबीच्या वाळवंटात दोन गोष्टी म्हणजे दगडावरची रेघ. रस्त्यात बंद पडलेली गाडी दिसली की थांबायचं, आणि मालक जवळ नसलेल्या गाडीला हात लावायचा नाही. चोयजिलने जन्मभर दोन्ही पाळल्या. फक्त एकदा माती खाल्ली.

ती हिवाळ्यात, नववर्षाच्या सणाच्या आदल्या दिवशी. घरी बायको मटण भरलेले वाफेवरचे उंडे, बूझ, वळत बसलेली, आणि वाटेत त्याच्या जुन्या रशियन जीपचा रोटर फुटला. अंगठ्याएवढा तुकडा, पण तोच इंजिनाला ठिणगी वाटतो. जवळच एक निळी जीप उभी होती, दाराला ठिगळ, पुढच्या चाकाच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेला. मालक मदत आणायला गेला होता, हे चोयजिलला स्वच्छ कळत होतं. बर्फात घोड्याच्या खुरांचे ताजे ठसे होते, सीटवरचा थर्मास अजून कोमट होता. पण सण तोंडावर! त्याने तिचा रोटर काढला, सीटवर सिगारेटचं कोरं पाकीट ठेवलं आणि घर गाठलं. बूझ मात्र घशाखाली उतरेनात.

उन्हाळ्यात तीच निळी जीप दिसली, बॉनेट उघडून उभी. निघून जावं असंही चोयजिलला एकदा वाटलं, पण लाज वाटून तो थांबला.

"काय झालं, दादा?"

"रोटर!" जीपचा मालक, पन्नाशीचा दाम्दिन, म्हणाला. "तडकलेला होता, दोऱ्याने बांधून चालवत होतो. आज मान टाकली त्याने."

चोयजिलने स्वतःच्या गाडीतला रोटर काढला. "हा घ्या."

"आणि तुझं काय?"

"माझं बघू."

दाम्दिनने रोटर उन्हात धरला, पितळी पट्टीवरचा झाळलेला डाग अंगठ्याने चाचपला. "बघू काय? दोर लावून ओढून नेतो घरी. उघड्यावर सोडायला मी काय लांडगा आहे?"

वाटभर त्याच्या चाकांची धूळ खात चोयजिलला वाटत होतं, यापेक्षा चाबकाने फोडलं असतं तर बरं.

तंबूत दाम्दिनच्या बायकोने, तुयाने, खारा चहा ओतला. "देवमाणूस हो तुम्ही! स्वतःचा रोटर काढून दिलात."

चुलीपाशी दहा वर्षांची मुलगी बापाकडे पाठ करून बसली होती.

"सोलोंगोचं मनावर घेऊ नका," तुया म्हणाली. "सणाला तिला वसतिगृहातून आणायला हे निघाले, गाडी वाटेत बंद. सगळी पोरं घरी गेली, ही गाठोडं घेऊन पायरीवर. तेव्हापासून बापाशी अबोला. म्हणते, बाबांना मी नकोच होते."

चोयजिलने चहा खाली ठेवला. "दादा, तो रोटर..."

"माझाच आहे," दाम्दिन शांतपणे म्हणाला. "डाग मी दिलाय, ओळखणार नाही होय? पाटा तर त्याच दिवशी बसवला होता रे. रोटरच नव्हता."

"मग तिथेच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर भांडलो असतो. भांडून तू इथवर आला असतास?" त्याने पेटीतून सिगारेटचं पाकीट काढून पुढे ठेवलं. अजून कोरंच. "मी ओढत नाही. आणि माफी मला नकोय. मी तिला सांगितलं, कुणीतरी रोटर नेला. तर म्हणाली, उभ्या गाडीला कुणी हात लावत नसतं, बाबा, खोटं बोलू नका."

चोयजिल उठला. चुलीपाशी जाऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. मान वर करवत नव्हती.

"सोलोंगो बाळा," तो म्हणाला, "तुझे बाबा खोटं बोलले नाहीत."