बाबांना दे

बैठकीच्या खोलीत तिपाईवर ठाण मांडून बसलेला, काळा, बोजड टेलिफोन दिसला का मित्रांनो? तो मी. कारखान्यात माझी घंटा वाजवून पाहिली आणि मला या शिंप्याच्या घरी धाडले. तेव्हा माझा काय थाट होता! शेजारीपाजारी नुसते मला बघायला येत. घरची एकुलती एक लेक, सारे तिला चिमणी म्हणत, मला रोज पुसायची.

चिमणी मोठी झाली, नर्स झाली. दुसऱ्या गावच्या इस्पितळात रुग्णवाहिका चालवणाऱ्या एका विधुरावर तिचा जीव जडला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. तिचे हसू सगळ्यांत आधी मला ऐकू यायचे.

बाबांनी कात्री खाली ठेवून सांगितले, "ड्रायव्हर, त्यात बिजवर! मला नाही चालायचं."

चिमणी रडली. आईने तिला कुशीत घेतले. "वेडे, मी आहे ना तुझ्या पाठीशी. यांना मी वळवते."

दुसऱ्या दिवशी चिमणी कामावर गेल्यावर आईने दाराला कडी लावली आणि त्याच्या इस्पितळाचा नंबर फिरवला. "तिने दुसरीकडे होकार दिलाय. पुन्हा फोन करू नका, असं तिनेच सांगितलंय."

 तो पलीकडून एवढेच म्हणाला, "तिला म्हणावं, सुखी राहा."

त्यानंतरचे कितीतरी रविवार चिमणी माझ्याशेजारी बसून राहिली. आई तिच्या केसांवरून हात फिरवायची. "बघितलंस? असली माणसं! आपण होऊन फोन करू नकोस हं, जरा मान राख."

मित्रांनो, साऱ्या जगाचे बोलणे मी वाहून नेले. पण माझ्यापाशी स्वतःचा एक शब्द नव्हता.

वर्षभराने तो एका रुग्णाला घेऊन तिच्याच इस्पितळात आला आणि आईच्या त्या फोनची गोष्ट निघाली. त्या संध्याकाळी चिमणी चप्पल न काढताच घरात शिरली.

"तुझ्या भल्यासाठीच केलं गं," आई म्हणाली.

"बाबा तोंडावर नाही म्हणाले. त्यांच्याशी मी भांडू शकले. तुझ्या तर कुशीत रडले, आई."

दोघांनी लग्न केले. घरचे कुणी गेले नाही.

आता मोबाइल आले. माझ्यावरून फडकेही फिरत नाही. बाबांना कमी ऐकू येते, त्यांना माझाच आवाज बरा पडतो, म्हणून मी अजून इथे आहे. कधीमधी वाजतो. आई हातातले काम टाकून धावते. पलीकडून चिमणी शांतपणे म्हणते, "बाबांना दे."

मित्रांनो, कुणाचे पटले नाही तर खुशाल तोंडावर सांगा. तो राग कधीतरी निवतो. जो तुमच्यावर विसंबला, त्याला मात्र फसवू नका. आई रिसीव्हर बाबांच्या हाती देते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून पलीकडचे बोलणे ओळखत तिथेच उभी राहते.