ओळख पटलेली नाही

प्रमोदने ‘तरीही इन्स्टॉल करा’ या शब्दांवर बोट टेकवले, आणि नव्या फोनने पुन्हा तोच इशारा पुढे केला : या ॲपच्या निर्मात्याची ओळख पटलेली नाही.

ते ॲप त्याच्या धाकट्या बहिणीने केले होते. दीक्षा उन्हाळ्यात तापाने गेली. वडिलांना वाचता येत नाही, रक्तदाबाची गोळी चुकते, म्हणून कॉलेजात शिकता शिकता तिने ते घडवले. पडद्यावर नुसता एक सूर्य. त्यावर अंगठा ठेवला की तिचा आवाज येई : “बाबा, पांढरी गोळी घेतली का? खोटं नका बोलू.” कुठल्याही अधिकृत स्टोअरवर ते नव्हते. तिने ते वडिलांच्या फोनवर बसवले, आणि एक फाइल प्रमोदला पुण्याला पाठवली, असू दे म्हणून.

वडील, मुंजाजी, ओसरीवर त्याच्या शेजारीच बसले होते. तळहातावर गोळी, पुढ्यात पाण्याचा तांब्या. डोंगरकडा गावच्या केळीबागांवर सकाळचे ऊन नुकते उतरत होते.

“काहून अडून राहिला तो?”

“अनोळखी हाय म्हणतो, बाबा.”

“आपली दीक्षा? गावात कोणालाबी इचार म्हणाव त्याला.”

प्रमोद किंचित हसला. सेटिंगमध्ये शिरून त्याने एकेक अडसर दूर केला. अखेर पडद्यावर सूर्य आला. त्याने अंगठा ठेवला. आवाज आला नाही.

मग त्याला आठवले. आवाज फाइलमध्ये नव्हताच. दीक्षाने तो याच ओसरीवर बसून, बाबांच्या फोनमध्ये भरला होता. त्याने घाईने बाबांचा जुना फोन उघडला. सगळी चित्रे वर-खाली पाहिली.

“बाबा, यातला सूर्य कुठंय?”

“त्याच्यासाठीच तर नवा आणाय लावला तुला. जुना बिघडला. पोळ्यापासून सूर्यच दिसंना.”

“पोळ्याला काय झालं होतं?”

“लाल खूण आली बघ त्याच्यावर. शेजारच्या साधनानं वाचून दाखवलं. कोण्या अनोळखी माणसाचं हाय, धोका हाय म्हणे, काढू का? मी म्हणलं, काढ.” मुंजाजींचा स्वर थोडा ताठ झाला. “दीक्षानंच शिकवलंय मला. फोनात अनोळखी कायबी आलं, की ठेवायचं न्हाई. बराबर केलं न?”

प्रमोदने जुना फोन पालथा ठेवला. त्याच्या पाठीवरची धूळ तो अंगठ्याने पुसत राहिला.

“बराबर केलं, बाबा.”

मुंजाजींनी नवा फोन दोन बोटांत अलगद उचलला. सूर्यावर अंगठा टेकवून तो कानाशी नेला. बराच वेळ ते ऐकत राहिले.

“घेतली, माय,” ते हळूच म्हणाले.

गोळी अजून तळहातावरच होती. फोन कानाशी धरून ते थांबून राहिले.