चिकटवलेलं डोकं

चिमटीने प्रबंधाचा शेवटचा भाग माझ्या टेबलावर ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसली. ती माझी विद्यार्थिनी. हातातला बारीक चिमटा कधी सुटत नाही, म्हणून सगळं कीटक-संग्रहालय तिला चिमटी म्हणूनच हाक मारतं.

"नाही सापडली, सर. तीन वर्षं, चाळीस ठिकाणं, एकसुद्धा नाही. परीक्षक मला उभं-आडवं घेणार."

ती शोधत होती ती माशी अकरा वर्षांपूर्वी मीच मोठ्या थाटात जाहीर केली होती. माणसाचा घाम चाटायला येणाऱ्या छोट्या मधमाश्यांमधली ही ऐतखाऊ मंडळी. पराग गोळा करायला पायांवर केस नाहीत, कष्टाचं नाव नको. दुसरीच्या बिळात शिरायचं, तिचं अंडं फस्त करायचं आणि आपलं घालायचं. पोट सगळ्यांचंच लाल, त्यामुळे जात ठरवताना आम्ही डोक्यावरचे बारीक खड्डे बघतो. तसलं धड आणि तसले खड्डे एकत्र माझ्या माशीखेरीज कुणातच नव्हते. नमुना मात्र एकच.

जाहीर करण्याआधी एकदा साफ करताना तिचं डोकं गळून पडलं. वाळलेल्या माश्यांची डोकी पडतातच. डिंकाचा थेंब लावून चिकटवायचं आणि टाचणीवरच्या चिठ्ठीवर तसं लिहायचं, एवढा साधा नियम. पण बशीत दोन माश्यांची डोकी पडली होती. कोणतं कुणाचं ते कळेना; मी त्यातलं एक उचललं. चिठ्ठी लिहायची राहून गेली असं नाही. मी ती लिहिलीच नाही. लिहिली असती तर कुणीतरी प्रश्न विचारला असता आणि नवी जात हातची गेली असती.

चिमटीने हा विषय निवडला तेव्हा मला ती बशी आठवली होती. तरी मी म्हणालो, "छान विषय आहे." त्या तीन शब्दांची मला डिंकापेक्षा जास्त लाज वाटते.

"त्या नमुन्याची पेटी आण," मी म्हणालो.

ओल्या कापसाच्या डबीत माशी ठेवली. डिंक सुटायला तास लागला. तेवढ्या वेळात मी चिमटीला सगळं सांगितलं, बशीतल्या दोन डोक्यांसकट. डोकं सुटलं तसं भिंगाखाली धरलं. मानेशी ते बसत नव्हतं.

"भलत्याच माशीचं आहे. अशी जातच नाही. तुझी तीन वर्षं मी मातीत घातली."

मी कोरी चिठ्ठी घेतली, 'डोकं दुसऱ्या माशीचं, मी चिकटवलेलं' असं लिहिलं आणि खाली सही केली. तिने ती वाचली, वाळायला बाजूला ठेवली.

"डिंक मला पहिल्याच वर्षी दिसला होता, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"चिठ्ठी नव्हती, पण नमुना तुमचा होता. म्हटलं, सरांनी लावलंय म्हणजे तिचंच असणार."