सारवलेला खड्डा

कुठं बांध घालायचे आणि कुठं फळबाग लावायची, हे मातीचे थर बघून ठरायचं होतं. त्यासाठी मृद सर्वेक्षणाच्या ताबीशनं होटगीजवळ गोजरबाईच्या रानात पुरुषभर खोल, पायऱ्यांचा खड्डा खणून घेतला आणि जाताना तिला सांगितलं, "मावशी, उद्या मोठे साहेब खड्डा बघायला येणार आहेत."

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर काय, खड्ड्याच्या चारी भिंती तळासकट शेणामातीनं गुळगुळीत सारवलेल्या. एक थर दिसेल तर शपथ!

"साहेब येनार, मग खड्डा काय तसाच ठिवायचा व्हय?" गोजरबाई म्हणाली.

ताबीशचं डोकंच फिरलं. "अहो, आतलीच तर माती बघायची होती!"

"मग मला इचारा की. वर हातभर काळी, तिच्यावर सारवान झ्याक बसलं. खाली दीड हात पिवळी, तिनं लई पानी पिलं. तितनं तळापातुर मुरूम. तितं तीनदा लावलं तवा कुटं धरलं."

ताबीशनं खालच्या पायरीवर उभं राहून चाकूनं कोपऱ्यातली एक उभी पट्टी खरवडली आणि टेप लावला. दोन बोटांचाही फरक नव्हता. बाकीचं खरवडायला त्यानं हात उचलला, तेवढ्यात रस्त्याला गाडी थांबली. त्यानं चाकू पिशवीत टाकला.

साहेब काठावरून वाकले. "थर कुठायत?"

"सर, ह्या सांगतील."

साहेब पहिल्या पायरीवर उतरणार, तोच गोजरबाई आडवी झाली.

"आदी बूट काढा साहेब. तळ अजून वला हाय."