बाण उलटा आणि शिव्या मला

"...त्या पेटीनंच सगळं जाळलं म्हणे. रविवारी भंगारवाला येतोय आणि तिला..." एवढ्यात भोंगा झाला, आणि बाइंडिंगच्या दोघी डबे उचलून पळाल्या. वाक्य राहिलं अर्धंच. माझा जीव टांगणीला.

त्या ज्याला पेटी म्हणाल्या तो मी, अ‍ॅक्टिव्ह फिल्टर. छापखान्याच्या जिन्याखाली, वीजखोलीत उभा असतो. यंत्रं वीज कशी ओढतात, याची खबर ठेवणं हाच माझा धंदा. भोचक म्हणायचं तर खुशाल म्हणा.

वीज येते ती गुळगुळीत लाटेसारखी. पण इथली नवी यंत्रं ती सभ्यपणे घेतील तर शपथ! हपापल्यासारखे लचके तोडतात. मग लाट वेडीवाकडी होते, तारा तापतात, दिवे डोळे मिचकावतात. मुख्य तारांवर तीन कडी बसवलेली असतात, तेच माझे डोळे. त्यांतून मी वाकडेपणा बघतो आणि बरोबर त्याच्या उलट वीज सोडतो. खड्डा तिथे भर, उंचवटा तिथे काट.

वाकडेपणा ओळखायच्या माझ्या दोन पद्धती. एकीत लाटेचा एकेक पदर सुटा करून मोजायचा. काम नेटकं, पण जरा सावकाश. दुसरीत तिन्ही तारांचा हिशेब त्या क्षणीच मांडायचा. चपळ, पण वरून येणारी वीजच वाकडी असली तर गडबडणारी. कुठली चालवायची ते माझ्या दारावरच्या पडद्यावर ठरवतात. ठरवणाऱ्याला अक्कल हवी, एवढंच.

कारखान्यात मी तयार झालो तेव्हा तपासणाऱ्या बाई "गुणी आहे" म्हणाल्या होत्या. आणि इथं येऊन पडलो दाजींच्या हाती! दाजी म्हणजे मालकीणबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकदा घरचा मिक्सर दुरुस्त केला, तेव्हापासून छापखान्याची वीज त्यांच्या ताब्यात. मला बसवायला कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी येणारच होता. यांना कुठला दम! "त्यात काय एवढं? कडीच तर अडकवायचीत!"

कड्यावर बाण असतो. त्याचं तोंड यंत्रांकडे हवं. दाजींनी केलं उलट, मीटरकडे. का, तर खोलीत शिरल्यावर कड्यावरची अक्षरं सरळ वाचता येतात!

झालं. मला खड्डा दिसायचा तिथे खरा उंचवटा, आणि त्यावर माझी आणखी भर. शेजारची कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवून परत देणारी, जुनी पेटी, गरीब बिचारी, जन्मभर गुमान राबलेली. ती तापून फुगायला लागली. मी पडद्यावर लाल अक्षरांत ठणाणा केला. दाजींनी काय करावं? पद्धत बदलली. मग परत पहिली. "ही पद्धतच बोगस आहे!" असा निकाल देऊन पडद्यावर ओला टॉवेल वाळत टाकला. कड्यांकडे मान वळवली असती तर मान मोडली असती का?

शेवटी शेजारणीचं पोट फुटलं. धूर, तेल, छपाई ठप्प. मालकीणबाई कडाडल्या, "मेली ही नवी पेटी डोळ्यांसमोर नको मला!" म्हणजे मीच.

तरी शेवटचं म्हणून त्यांनी कंपनीच्या इंजिनिअरबाईंना बोलावलं. त्या रविवारी आल्या, बॅटरी कड्यांवर मारली आणि विचारलं, "ही कुणी बसवली?"

दाजी खाकरले. "वायरमननं."

"कुठल्या वायरमननं?" मालकीणबाई म्हणाल्या. "दाजी, तुमच्याशिवाय इथं हात लावतो कोण?"

बाईंनी वीज बंद करून कडी फिरवली, आणि दाजींनी बोगस ठरवलेलीच पद्धत लावली. यंत्रं सुरू झाली. दिवे स्थिर. मालकीणबाईंनी माझ्या दारावरचा टॉवेल ओढून दाजींच्या खांद्यावर टाकला. "हिला राहू दे," म्हणाल्या. "आणि तुम्ही लांब राहा."

भंगारवाला आला, ते खरं होतं. पेटी गेली, तेही खरं. पण गेली ती माझी शेजारीण. हातगाडीवर चढवताना तिचं दार लोंबकळत होतं. आणि दाजी भंगारवाल्याला समजावत होते, "जुना माल हो, टिकून टिकून टिकणार किती?"

बाबांनो, पद्धतींना नावं ठेवण्याआधी बाण बघत जा. माझं मागणं एवढंच.

मी मला गार ठेवणाऱ्या पंख्यांतून मोठा सुस्कारा सोडला. दाजी आत आले आणि त्या वाऱ्यात शर्टाची कॉलर मागे ओढून घाम सुकवत उभे राहिले.