प्लास्टिकमधली पदवी

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे, आणि आता तर धड कागदही राहिलेलो नाही. कधीकाळी मात्र माझा रुबाब पाहण्यासारखा होता. मी शिक्षणशास्त्राच्या पदवीचे प्रमाणपत्र! विद्यापीठाने मला चांगल्या जाड कागदावर छापले, वर सोनेरी मुद्रा उमटवली आणि कुलगुरूंनी खाली निळ्या शाईत झोकदार सही केली.

ज्या मुलीच्या नावाने मी निघालो, तिचे वडील बस आगारात मेकॅनिक होते. त्या घरात आलेली मी पहिलीच पदवी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला दुकानात नेऊन लॅमिनेशन करून आणले.

"आता वाळवी नाही, ओल नाही. जन्माची काळजी मिटली!"

लॅमिनेशन यंत्राच्या गरम रुळांतून जाताना माझा जीव गुदमरला. पण आल्यागेल्याला ते मला दाखवू लागले, तसा मी चांगलाच शेफारलो.

मग कौतुक ओसरले आणि मी कपाटात पडून राहिलो. मुलगी गणिताची शिक्षिका झाली. शाळा तिला दर वर्षी नव्याने अर्ज करायला लावी, कायम करायचे नाव काढत नसे. तिचे केस पिकू लागले तरी ती आपली तात्पुरतीच.

अशात परदेशातल्या एका शाळेने तिला निवडले. कायमची नोकरी, राहायला घर, वडिलांनाही सोबत नेता येणार होते. फक्त कामाचा व्हिसा महिनाअखेरपर्यंत मिळायला हवा होता, आणि त्यासाठी माझ्या पाठीवर सरकारी शिक्का लागणार होता.

कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी मला उलटसुलट करून पाहिले.

"ताई, हे लॅमिनेशन कुणी केलं? प्लास्टिकवर शिक्का चालत नाही. विद्यापीठातून दुसरी प्रत काढून आणा."

घरी हे ऐकून वडिलांचा चेहरा उतरला. "मीच करून ठेवलंय, मीच काढतो."

"बाबा, हात लावू नका. मी उद्या विद्यापीठात विचारून येते."

ती गेली, पण त्यांना राहवले नाही. गंजलेले बोल्ट सोडवणाऱ्या माणसाला एवढेसे प्लास्टिक काय जड? त्यांनी माझ्यावर कोमट इस्त्री फिरवली आणि एक कोपरा उचकटला. आधी प्लास्टिक सुरेख निघाले. मग त्याच्याबरोबर माझी कातडीच निघू लागली. सही गेली, मुद्रा गेली, तिचे अर्धे नाव गेले. तरी ते थांबले नाहीत.

ती धावतच घरात आली. "बाबा, काम झालं! जुनं प्रमाणपत्र जसंच्या तसं जमा केलं की आठवड्यात नवीन देतात!"

मी टेबलावर दोन तुकड्यांत पडलो होतो.

फाटलेल्या प्रमाणपत्रासाठी प्रतिज्ञापत्र, चौकशी, समितीची बैठक, असे सगळे सोपस्कार लागले. तोवर परदेशातल्या शाळेने दुसऱ्या कुणाला तरी घेतले. ती पुन्हा इथल्याच शाळेत अर्ज घेऊन गेली.

मी फाटलो त्या दिवशी ती म्हणाली होती, "जाऊ दे, बाबा." पण म्हणताना भिंतीकडे बघत होती. तेव्हापासून वडील कपाट उघडायचे असले तरी तिला विचारतात. नवी प्रत आली तेव्हा तिने ती त्यांच्यापुढे धरली, तर त्यांनी हात मागे घेतले. "तूच ठेव, बाळा."

मित्रांनो, कागद दुसरा मिळतो, उशिरा का होईना. पण कुणाला "जाऊ दे" म्हणायचे असेल, तर त्याच्याकडे बघून म्हणा. तिने अजून तसे म्हटलेले नाही.