नऊ घरांचा पंखा

"शंभरातल्या एकाहत्तर घरांत," अण्णांनी वर्तमानपत्र चष्म्याच्या आणखी जवळ नेलं, "एकाहत्तर घरांत पंखा, सूनबाई. आणि पलीकडे किती? अठ्ठेचाळीस. ऐकतेस ना?"

"ऐकतेय, अण्णा."

ती पिल्लूला दूध पाजत होती. तीन वर्षांची पोर. पेला नको, वाटीच हवी, आणि दर घोटाला मान वर करून दुधाची मिशी दाखवायची. त्या मिशीला दर वेळी कुणीतरी हसलं पाहिजे, नाहीतर पुढचा घोट नाही.

"पंख्यात मागे टाकलं, कुकरात टाकलं, सायकलींचं तर विचारूच नकोस." अण्णांचं सगळं आयुष्य छापखान्यात गेलेलं. एका देशाचे दोन झाले, त्या दिवशीचा मथळा त्यांनी विशीत स्वतः शिशाचे खिळे लावून जुळवला होता. "त्या सकाळी दोन्हीकडचं नाणं सारखं होतं, दोन्हीकडची भूक सारखी होती. मग त्यांनी सगळं सरकारच्या हाती दिलं, आपण बाजाराच्या हाती. पन्नास वर्षं लोक म्हणत होते, बघू या कोण पुढे जातंय. झालं एकदाचं बघून." कागदाची घडी घालताना त्यांनी तिच्याकडे मायेनं पाहिलं. "आणि तुझ्या हातची मोजणी आहे हो ही. मी कोपऱ्यावर सगळ्यांना सांगितलंय."

तिनं पिल्लूची मिशी पुसली. पोरीनं डोळे वटारले, कारण आई हसायची राहिली होती.

ती मोजणी कार्यालयात फिरतीवर होती. नेमून दिलेल्या गल्ल्यांत घरोघर जायचं आणि पत्रक भरायचं: माणसं किती, खोल्या किती, दूध किती, पंखा, कुकर, सायकल. यंदा पलीकडच्या देशातही हेच पत्रक याच आठवड्यात भरलं गेलं होतं, म्हणजे तुलना सारख्याला सारखी होईल. नियम एकच, आणि तो शिकवणीत त्यांच्याकडून घोकून घेतला होता. ऐकून लिहायचं नाही, वस्तू डोळ्यांनी पाहायची. कारण तुमच्या पत्रकातलं एक घर चार हजार घरांच्या वतीनं बोलतं.

त्या गल्लीत नऊ घरं होती. भिंतीला भिंत लागलेली, पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार एका बोळात. दिवस उन्हाचे. पहिल्या घरात तिला खुर्ची दिली आणि पंखा तिच्याकडे वळवला. हिरवा टेबलपंखा, जाळीला तांबड्या लोकरीची गाठ मारलेली, एक पातं कोपऱ्यात तुटकं. फिरताना टक् टक् करायचा. तिनं लिहिलं, पंखा: एक.

दुसऱ्या घरात पंखा होता. तिसऱ्यात बसल्या बसल्या तिला टक् टक् ऐकू आलं आणि तिनं वर पाहिलं. तांबडी गाठ. घरची बाई पदरानं कपाळ टिपत होती आणि तिला धाप लागली होती.

"आमच्याकडे पहिल्यापासून आहे हो पंखा," ती बाई म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

पाचव्या घरात तिनं सहज मोटारीवर हात ठेवला. चटका बसेल इतकी गरम. "आत्ताच लावला, तुमच्यासाठी," घरची बाई म्हणाली. ती उठून पुढच्या दाराबाहेर पडली तोवर मागच्या बोळातून पावलांची धावपळ, दबलेलं हसू आणि 'अगं, वायर, वायर' असं ऐकू येत होतं. तिला तिची आई आठवली. पाहुणे आले की शेजारच्या कपबशा मागच्या दारानं यायच्या, आणि पाहुण्यांनी कपाचं कौतुक केलं की आई मान खाली घालून हसायची.

तिनं लिहिलं, पंखा: एक. नवव्या घरापर्यंत असंच.

खरं कारण आईच्या कपबशा होत्या की दुसरंच काही, हे तिला स्वतःला नीट ठरवता येत नव्हतं. संशय आला तर दर घरामागे पाच पानांचं वेगळं पत्रक भरावं लागे. आठ घरं म्हणजे चाळीस पानं. त्या दिवशी पिल्लूला ताप होता, आणि दुपारपासून तिचं अर्धं लक्ष घड्याळात होतं.

आठ खोटे पंखे, आणि एकेकाच्या मागे चार हजार घरं. बत्तीस हजार पंखे तिनं एका पंख्यातून काढले होते.

तरी तिनं मनाची समजूत घातली होती. देश पुढे गेला, कुणाचं काय बिघडलं? पण बातमीनंतर पंधरा दिवसांनी ती त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बालवाडीवरून चालली होती. मुलांना दूध द्यायची वेळ होती, आणि खिडकीत पत्र्याचे अठरा मग ओळीनं पालथे. कोरडे.

"दूध बंद झालं," बालवाडीची शिक्षिका म्हणाली. "गल्ली सावरली म्हणे. नऊच्या नऊ घरांत पंखा निघाला, मग सरकारी दूध कशाला? परवा एकानं रिकामा मग तोंडाला लावला आणि मला म्हणतो, प्यायलो. खेळ झालाय आता त्यांचा."

घरी पिल्लूनं दुधाची मिशी दाखवली. तिला उठून आत जावं लागलं.

त्या रविवारी ताईचा फोन आला. ताई पलीकडे दिलेली. वर्षातून एकदा भेट, तीही परवानगी मिळाली तर.

"तुम्ही पुढे गेलात म्हणे," ताई म्हणाली. "आता आम्हाला ओळख द्याल ना?"

"ताई, तुमच्याकडे खरंच निम्म्या घरांत पंखा नाही?"

ताई इतकी हसली की फोन खरखरला. "अगं, मोजणीवाला यायचा म्हटलं की आमच्याकडे पंखे खाटेखाली. वर गोधडी. पंखा दिसला की दुधाचं कार्ड गेलं. आमच्या जाऊबाईंनी तर कुकर पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवला होता. तो मेला मोजणीवाला नेमकं पाणी मागायला लागला."

"मग?"

"मग काय? म्हटलं, पाणी नाही. पाणीही नाही असंच लिहून घेतलं असेल त्यानं."

ती हसली नाही. "इथे दाखवायला धावतात, ताई."

"तुमच्याकडे नसण्याची लाज, आमच्याकडे असण्याची भीती," ताई म्हणाली. मग आवाज उतरला. "तुझं काय बिनसलंय? बोल की."

तिनं सगळं सांगितलं. पंखा, गाठ, अठरा मग.

"आमच्या पोरांना दूध मिळतं," ताई शेवटी म्हणाली. "लपवून का होईना."

फोन ठेवून ती वळली तर अण्णा दारात उभे. वर्तमानपत्रातलं ते कात्रण त्यांनी भिंतीवर चिकटवलं होतं. ते आधी कात्रणाकडे बघत राहिले, मग तिच्याकडे, आणि चपला घालून बाहेर गेले. कोपऱ्याच्या उलट्या दिशेला.

सोमवारी ती साहेबांपुढे उभी राहिली.

"एका गल्लीनं देश मागे पडत नाही हो, बाई," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "छापून झालं, भाषणं झाली. सोडून द्या."

"देश मागे पडत नसेल, साहेब. मग त्याच गल्लीचं दूध कसं बंद पडतं?"

साहेबांनी चहा बाजूला सारला. खणातून दुरुस्तीचं पत्रक काढलं आणि तिच्याकडे फिरवलं. "कारणाच्या रकान्यात दोनच चौकोन आहेत. एक, कुटुंबानं खोटी माहिती दिली. तिथे खूण केलीत तर ती नऊ घरं दोन वर्षं सगळ्याच योजनांतून बाद. दोन, मोजणीदारानं न पाहता लिहिलं." ते थांबले. "तिथे केलीत तर फिरती बंद, आणि सहा महिन्यांनी करार संपला की नवा होणार नाही. तुमची मुलगी लहान आहे ना?"

"तिसरा चौकोन नाही?"

"कसला?"

"पाहूनही खोटं लिहिलं, असा."

तिनं दुसऱ्या चौकोनात खूण केली. नोकरीच्या नऊ वर्षांत तिच्या हातून झालेली ती पहिलीच खोटी खूण नव्हती.

फेरमोजणी तिनंच करायची होती आणि दर घरातून सही आणायची होती. आधी ती नवव्या घरात गेली. पंखा तिथला होता; त्याच्या बुडाचा गोल डाग तिनं त्या दिवशी तिथल्या कोपऱ्यात पाहिला होता. घर एका शिवणकाम करणाऱ्या मावशीचं. गल्लीतल्या बायका तिला मशीनमावशी म्हणत. ती पायमशीनवर वाकलेली होती. हिरवा पंखा कोपऱ्यात, वर फडकं टाकलेलं.

"मावशी, त्या दिवशीचं पुन्हा लिहायचंय. पंखा एकाच घरात होता, असं."

मशीन थांबलं. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तिसऱ्या घरापासून."

मावशीनं दातानं दोरा तोडला. "तिसऱ्या. आणि आम्ही आपल्या नवव्यापर्यंत पळतोय. माझा गुडघा गेला त्या दिवशी, महिनाभर मशीन चालवता आलं नाही. आम्हाला वाटलं, बाई भोळी आहे. फसली." तिनं चष्मा काढला. "तुम्ही वर बसून बघत होतात, होय? माकडं कशी उड्या मारतात ते?"

"नाही, मावशी. मला वाटलं, तुम्हाला कमीपणा..."

"कमीपणा आमचा होता. आमचा आम्ही बघितला असता." मावशीचा आवाज चढला नाही, तेच अवघड होतं. "तिथल्या तिथे म्हणाला असतात, 'मावशी, पंखा दमला, आता बसवा त्याला,' तर सगळ्या हसलो असतो आणि संपलं असतं. पोरांचं दूध तरी राहिलं असतं."

आपण इतके दिवस मनाशी जिला दया म्हणत होतो, ती या खोलीत किती लहान दिसते, हे तिला कळलं.

मावशीनं पत्रक ओढून घेतलं. अक्षरावर बोट ठेवत वाचलं, खुणेपाशी थांबली. "हे न पाहता लिहिलं असं का? पाहिलं होतंत ना?"

"दुसरीकडे खूण केली तर तुम्ही सगळ्या बाद होता."

"आणि इथे केल्यावर?"

"मी."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. मग मागच्या दाराशी जाऊन बोळात हाक दिली, "अगं ए, दारं उघडा सगळ्या. मोजणीबाई आल्यात. आणि आज कुणी काही आणायचं नाही."

ती पहिल्या घरापासून निघाली. दारादारांत बायका आधीच उभ्या होत्या, हात पुसून, केस सारखे करून.

"पंखा?"

"नाही."

"कुकर?"

"नाही." आणि सही, किंवा अंगठा.

दुसऱ्या घरात नाही. तिसऱ्यात, धाप न लागता, नाही. कुणी खाली पाहिलं नाही. सहाव्या घरातल्या तरुण बाईनं 'नाही' म्हणताना मांडीवरच्या लेकराचं डोकं उगाचच थोपटलं. आठव्या घरापर्यंत तिचा सगळा पदर घामानं भिजला होता, आणि हे आपण सोसलंच पाहिजे असं तिला वाटत होतं. कार्यालयाची पिशवी खांद्याला काचत होती. उद्या ती जमा करायची होती.

नवव्या घरात ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"पंखा?"

"एक," मशीनमावशी म्हणाली.

तिनं एक लिहिलं. मावशीनं सही केली, सावकाश, पूर्ण नाव. ती पत्रक घेऊन वळणार, तेवढ्यात मावशीनं पंख्यावरचं फडकं काढलं, घडी केलं, पाटाकडे पायानं खूण केली आणि बटण दाबलं.

"बसा जरा. आज त्याला कुठं जायचं नाही."

ती पाटावर बसली. पिशवी मांडीवर घेतली. तांबडी गाठ थरथरत होती. मावशी पुन्हा मशीनवर वाकली, दुखरा गुडघा एका हातानं दाबून धरत. तुटकं पातं जाळीआड फिरत राहिलं, टक् टक्, टक् टक्, एकाच जागी.